गेट कोण उघडतं?

आमचे आयर्लंडमधल्या शॅननचे घरमालक पावसात काउबॉय हॅटवर ब्रेडची रिकामी पिशवी चढवायचे. हॅट अस्सल होती, अमेरिकेतल्या कुणा चुलतबहिणीने आणलेली, आणि आमच्याकडे पाऊस जवळजवळ रोजचा. त्यामुळे मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी डोक्यावरचा ब्रेडचा फोटो दिसला आणि माणूस नंतर. वय पासष्टच्या आसपास, लग्न केलेलं नाही, उंची भरपूर आणि बोलणं अगदी मोजकं. शॅनन गावाबाहेर त्यांची चाळीस एकर कुरणं होती, बावीस गायी होत्या आणि अंगणापलीकडे भाड्याने द्यायचं एक छोटं घर होतं. समीर, म्हणजे माझा नवरा, तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला होता आणि आम्हाला घर हवं होतं.

त्यांनी समीरला नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही, आधीच्या मालकाचं पत्र मागितलं नाही. कुरणाच्या लोखंडी गेटपाशी नेऊन म्हणाले, "आत जा आणि परत ये." समीर गेट उघडून आत गेला, गेट लावलं, दहा पावलं चालला, परत आला आणि पुन्हा गेट लावलं. झाली मुलाखत. किल्ली त्याच्या हातात दिली. आमच्या आधी म्हणे एक जोडपं आलं होतं, चांगली शिफारसपत्रं घेऊन. पण ते देखावा बघत उभे राहिले आणि गेट उघडंच. "ग्रँड माणसं होती," ते म्हणाले (तिथे 'छान' आणि 'ठीक' दोन्हीला ग्रँडच), "पण गेट जसं मिळालं तसं ठेवायचं असतं." त्यांचा संसारातला हा एकच नियम असावा. उघडं मिळालं तर उघडं, लावलेलं मिळालं तर लावलेलं.

समोर बोललो तरी कळू नये म्हणून आम्ही घरात त्यांना 'टोपीवाले' म्हणायचो. चारेक महिन्यांनी त्यांचा फोन आला आणि पलीकडून स्वच्छ आवाज, "टोपीवाले बोलतोय." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. ते मात्र पाण्याच्या पाइपाबद्दल बोलत राहिले.

गायींना त्यांनी अमेरिकेतल्या राज्यांची नावं दिली होती. मोंटाना, नेवाडा, टेक्सस, दोन डाकोटा. अट एकच, जागा आपण पाहिलेली नसावी. त्यांनी अमेरिकेतलं काहीच पाहिलेलं नसल्यामुळे नावांची टंचाई कधी पडली नाही. रोज सकाळी ते जिन्याच्या कठड्यावर ठेवलेलं खोगीर उचलत. ते पुढे मूठ असलेलं रुंद, वेस्टर्न पद्धतीचं खोगीर होतं. ते एका जाड्या करड्या घोडीवर चढवत आणि गायी मोजायला निघत. चालत गेलं तर वीस मिनिटांचं काम. "युअर मॅन रोज मोहिमेवर निघतो," असं शेजारचा शेतकरी नोएल हसत हसत सांगायचा; 'युअर मॅन' म्हणजे तिथल्या बोलीत 'हा बाबा'. सगळं गावच हसायचं. पण मी खिडकीतून पाहायचे. घोडीवर बसलेला तो माणूस जमिनीवरच्या माणसापेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसायचा. चालताना त्यांचा उजवा खुबा दुखायचा. घोडीवर तो दुखत नसे, किंवा ते तसं दाखवत नसत.

मी तेव्हा घरी बसून होते. पुण्यात मी आठ वर्षं एका टूर कंपनीत होते, युरोपच्या सहलींच्या आयटिनररी बनवायचे. सकाळी सातला नाश्ता, साडेसातला बस, दिवसात सहा ठिकाणं, रात्री बटाट्याची भाजी. इथे मुलाखतीला गेले की सगळे गोड हसायचे, "वी विल बी इन टच" म्हणायचे, आणि पुढे शांतता. मला त्या काळात स्वतःचा फार राग यायचा आणि तो समीरच्या डब्यावर निघायचा.

हे टोपीवाल्यांना कुठून कळलं कोण जाणे. एका संध्याकाळी ते दारात उभे, काखेत बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. "तू लोकांच्या सुट्ट्या आखायचीस म्हणे," म्हणाले. डब्यात नऊ हिवाळ्यांत जमवलेली अमेरिकेतल्या रँचची, म्हणजे गुरांच्या मोठ्या मळ्यांची, माहितीपत्रकं होती. त्यांना चार दिवस हवे होते. फक्त चार. खऱ्या रँचवर, खऱ्या गायींमागे, घोड्यावर. वडील गेल्यापासून चाळीस वर्षांत ते दोन रात्रींपेक्षा जास्त घराबाहेर राहिले नव्हते, कारण गायी कुणाच्या भरवशावर सोडायच्या? तरी दर हिवाळ्यात ते सहल आखायचे आणि वसंत आला की डबा प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवून द्यायचे.

मला काम मिळालं होतं! तीन दिवस खपून मी असा कार्यक्रम बनवला की आमच्या पुण्याच्या ऑफिसात टाळ्या पडल्या असत्या. चार रात्री, पाच दिवस, चौदा ठिकाणं. काउबॉय म्युझियम, भुताळी खाणगाव, रोडिओ, बूट बनवण्याचं प्रात्यक्षिक, सूर्यास्त पॉइंट, शेकोटी. खाली तळटीप, सोबत कोरडा खाऊ ठेवावा. टोपीवाल्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग विचारलं, "यात मी बसणार कधी?"

"बसमध्ये. प्रत्येक ठिकाणी जायला मिनीबस आहे ना."

"घोड्यावर," ते म्हणाले.

मी कागद पुन्हा पाहिला. तिसऱ्या दिवशी अकरा ते साडेअकरा घोडा होता. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेक ठिकाण खोडायला लागले. न चिडता, अगदी हळुवारपणे, माझ्या मेहनतीला लागू नये अशा बेताने. शेवटी कागदावर फक्त कोरडा खाऊ उरला. तो त्यांना पटला होता.

मग आम्ही त्यांच्या पद्धतीने सुरुवात केली. त्यांची पद्धत म्हणजे तीन प्रश्न. ते सांगायचे, मी ईमेल करायचे. पहिला, गायी किती आणि पाहुणे किती? दुसरा, पाऊस आला तर काय करता? तिसरा, गेट कोण उघडतं?

मी म्हटलं, अहो, राहण्याची सोय विचारा, जेवण विचारा, विमानतळावरून गाडी येते का विचारा. ते म्हणाले, या तिन्हींची उत्तरं नीट आली की बाकीचं नीटच असतं. उत्तरं यायला लागली. एकाने लिहिलं, पाऊस आला तर आमच्याकडे गरम पाण्याचा टब आणि वाइन आहे. खोडला. एकीकडे पाहुणे चाळीस आणि गायी बारा. "त्या गायींची मला काळजी वाटते," ते म्हणाले आणि खोडलं. गेटच्या प्रश्नावर तर बहुतेक सगळे आपटले. सगळ्यांचं उत्तर तेच, आमची माणसं उघडतील, तुम्ही फक्त मजा करा. टोपीवाले मान हलवायचे. अख्खा हिवाळा आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसून अमेरिकेतली एकेक जागा बाद करत होतो आणि मला त्यात विलक्षण मजा येत होती. आठ वर्षांत मी शेकडो लोकांना फिरवून आणलं होतं, पण तुम्हाला नक्की काय हवंय, असं एकालाही विचारलं नव्हतं. हे आठवून मला जरा लाजही वाटायची.

मार्चमध्ये मोंटानाहून एक उत्तर आलं. नमस्कार नाही, फोटो नाही. 'गायी सहाशे. पाहुणे कधी तीन, कधी चार. पावसात भिजतो. गेट जो जवळ असेल तो उघडतो.'

टोपीवाल्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग उठून चहा ठेवला. त्यांनी आपणहून चहा ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तरी डबा नेहमीसारखा पुन्हा प्रेसमध्ये गेलाच असता, पण ऑगस्टमध्ये खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली, नोव्हेंबरच्या मध्यावरची. डॉक्टरांनी सांगितलं, त्यानंतर चालाल छान, पण घोडा विसरा. आता सगळी आकडेमोड सोपी झाली होती. ऑक्टोबरच्या शेवटी मोंटानात डोंगरावरच्या गायी तीन दिवस हाकत खाली आणतात. तेव्हा गेले तर गेले, नाहीतर कधीच नाही. ते आमच्या दारात आले, आत आले नाहीत. हॅट हातात. "सहा दिवस," म्हणाले, "रोज दोनदा मोजायच्या. बास." मी हो म्हणून टाकलं.

समीर संध्याकाळी कपाळाला हात लावून बसला. "अगं, तुला गायीतलं काय कळतं? पुण्यात देवळाबाहेर गवताची पेंढी द्यायचीस, शेपटीला हात लावून नमस्कार करायचीस आणि गायीने मान वळवली की पळायचीस!"

"नोएल आहे ना मदतीला. आणि मोजायला येतं मला."

"मोजायला येतं म्हणे! त्या उभ्या राहतात का एका जागी?"

टोपीवाल्यांनी मला आठवडाभर शिकवलं. विजेच्या कुंपणाला कुठे हात लावायचा नाही. पाण्याची टाकी कशी बघायची. स्वयंपाकघरातलं काहीही गायीला द्यायचं नाही, तसा कायदाच आहे. खुराकाच्या गोळ्यांचं पोतं कोठारात होतं. बादलीत मूठभर गोळ्या टाकून खुळखुळ वाजवलं की बावीसच्या बावीस धावत येतात. "पण गरज नसेल तर वाजवू नकोस," ते म्हणाले. तेव्हा मी हे तितकंसं मनावर घेतलं नाही. त्या वर्षीची वासरं विकून झाली होती. ती पुढे कुठे जातात हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. उशिरा जन्मलेलं एकच वासरू मोंटानापाशी उरलं होतं.

निघताना मी त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. त्यांनी ती खाल्ली आणि पोटासाठी का म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाटेसाठी. मग गाडीत बसता बसता त्यांनी मला एवढंच सांगितलं, "एक जरी कमी भरली तर लगेच सांग. मी पुढच्या विमानाने परत येईन." आणि मला माहीत होतं, ते खरंच आले असते.

पहिले दोन दिवस ग्रँड गेले. तिसऱ्या दिवशी वसुबारस होती.

मी आयुष्यभर वसुबारस पाटावरच्या चांदीच्या गाय-वासराची केली होती. आणि आता दाराबाहेर खरी सवत्स धेनू उभी! पूजा संध्याकाळची, पण संध्याकाळी जोराचा पाऊस सांगितला होता, म्हणून सकाळीच उरकायची ठरवली. समीर कामावर गेलेला. मी नारायणपेठ नेसले, खाली गमबूट घातले, स्टीलच्या ताटात हळदकुंकू, फुलं आणि निरांजन घेतलं. नैवेद्याला काय? स्वयंपाकघरातलं चालत नाही. म्हणून मी ताटात मूठभर खुराकाच्या गोळ्या घेतल्या. आपण किती कायद्याने वागतो याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं.

दोन्ही हातांत ताट. कोपराने गेटची कडी काढली, आत गेले. वाऱ्याने निरांजन विझत होतं, त्याला पदर आडवा धरू की गेट लावू? मनात म्हटलं, एकच मिनिट. मोंटाना कुंपणापाशीच उभी होती. तिच्या कपाळाला कुंकू टेकवलं, वासराला टेकवलं. वासरू कसलं, माझ्या छातीपर्यंत होतं. इतकं शांत, इतकं छान वाटलं की माझे डोळे भरून आले. मग नैवेद्य दाखवायला मी ताट जरा पुढे केलं आणि गोळ्या स्टीलवर खुळखुळल्या.

कुरणाच्या चारी कोपऱ्यांतून गायी निघाल्या. चालत नाही, धावत. पाचशे किलोचा एकेक प्राणी, असे एकवीस, आणि सगळ्यांची नजर माझ्या ताटावर. मी वळले आणि उघड्या गेटातून बाहेर पळत सुटले. ताट मात्र सोडलं नाही, त्यामुळे खुळखुळ थांबेना, आणि सगळा कळप माझ्यामागे थेट रस्त्यावर.

मी अंगणाच्या भिंतीवर चढले. गायी दोन्ही बाजूंना पसरल्या. चाळीस वर्षं एका माणसाने जी गोष्ट होऊ दिली नव्हती ती मी तीन दिवसांत करून दाखवली होती. मी रडतच नोएलला फोन केला. तो ट्रॅक्टर घेऊन आला, भिंतीवर बसलेली साडी-गमबुटातली बाई बघितली आणि हसला नाही. त्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे. मग तोच म्हणाला, "ते ताट वाजव." मी पुढे ताट वाजवत, नोएल मागून ट्रॅक्टरवर, असं करत दुपारी पाऊण वाजेपर्यंत आम्ही एकोणीस आत घेतल्या. मोंटाना त्यांत होती, तिचं वासरूही मागोमाग आत आलं होतं. तीन गायींचा पत्ता नव्हता. नोएल त्या शोधायला पुढे गेला.

एक वाजता टोपीवाल्यांचा फोन यायचा. तिथे तेव्हा सकाळचे सहा. आज ते डोंगराकडे निघणार होते, पुढचे तीन दिवस फोन नाही. फोन वाजला तेव्हा मी चिखलाने भरलेली, हातात ताट. सांगितलं तर ते आत्ता परत फिरतील आणि तो घोडा आयुष्यातून जाईल. नाही सांगितलं आणि त्या तीन गायींपैकी एखादी गाडीखाली आली तर?

"सगळं ठीक?" त्यांनी विचारलं.

"ग्रँड," मी म्हटलं.

पलीकडे एक घोडा फुरफुरला. मग ते म्हणाले, "ग्रँड, मग." आणि फोन ठेवला.

तीन गायी साडेचारला सापडल्या. गावच्या हर्लिंगच्या, म्हणजे तिथल्या हॉकीसारख्या खेळाच्या, मैदानावर, गोलच्या तोंडाशी, शांतपणे रवंथ करत. तिथून घरापर्यंत दीड मैल मी भर पावसात ताट वाजवत आले. कामावरून परतणारा समीर वाटेत गाडीतून उतरून मागून हाकायला लागला. रस्त्यावरच्या गाड्या थांबून वाट देत होत्या. गेट लावलं, बावीस मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि मी तिथेच चिखलात बसले.

टोपीवाले परतले ते आधीपेक्षा वाईट लंगडत. चेहरा उन्हाने सोललेला. अंगणात उतरल्या उतरल्या ते गेटपाशी गेले, मग आमच्याकडे चहाला आले. आत येऊन बसले, हे पहिल्यांदाच. मी विचारलं, "अस्सल होतं का?"

ते फारसं न बोलणारे, पण त्या दिवशी बोलले. पहिल्या गेटपाशी त्यांचाच घोडा सगळ्यांत पुढे होता. रँचचा मालक थांबला आणि डोंगराकडे बघत बसला. याचा अर्थ त्यांना कळला. ते उतरले, गेट उघडलं, सगळ्यांना जाऊ दिलं, लावलं. खुब्यामुळे परत चढता येईना, म्हणून घोडा एका दगडापाशी नेला आणि दगडावरून चढले. कुणी मदतीला आलं नाही, कुणी घाईही केली नाही. पहिल्या दिवशी सात गेटं, दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी एका गेटपाशी दगडच नव्हता, मग उरलेली वाट घोड्याचा लगाम धरून चालत आले. "सहाशे गायींच्या मागून," ते म्हणाले, "धूळ खात." इतका सुखी माणूस मी तोवर पाहिला नव्हता आणि मला त्यांचा हेवा वाटला.

मग मी कप खाली ठेवला. मी सगळं सांगून टाकलं. पूजा, ताट, गेट, तीन गायी आणि फोनवरचं खोटं. समीर खाली मान घालून बसला होता.

"माहीत आहे," टोपीवाले म्हणाले. "तुला फोन केला त्याच्या पाच मिनिटं आधी मला नोएलने कळवलं होतं."

"मग तुम्ही परत का नाही आलात?"

त्यांनी हॅट गुडघ्यावर ठेवली. "तू ग्रँड म्हणालीस. मला कुणी ग्रँड म्हणालं आणि मी स्वतः जाऊन बघितलं नाही, असं चाळीस वर्षांत एकदाच झालं." मग म्हणाले, "घोड्यावर बसण्याआधी दोनदा फोन हातात घेतला. पण बसलो."

मी त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला, तो आधीच भरलेला होता.

आणखी एक गोष्ट राहिली होती. मोंटाना आता पाहून झाली होती, त्यामुळे नियमाप्रमाणे त्या गायीचं नाव बदलणं भाग होतं. न पाहिलेल्या जागेचं नाव त्यांनी मला विचारलं. मी पटकन माझ्या माहेरचं सांगितलं. शॅननजवळच्या त्या कुरणात आता सातारा नावाची गाय चरते, आणि नोएल ते नाव घेताना दर वेळी जिभेला गाठ मारून घेतो.

ऑपरेशन चांगलं झालं. घोडी नुसती चरते, खोगीर अजून जिन्याच्या कठड्यावरच आहे. आम्ही पुढे गॉलवे शहरात राहायला आलो, मी तिथे एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात काम करते, आणि कुणी सुट्टी आखायला आलं की आधी त्यांना बोलू देते. पण वसुबारशीला मी ताट घेऊन शॅननला जाते. तीन वर्षं झाली. ताटात आता गोळ्या नसतात, गवत असतं. वळणावरूनच ते दिसतात. काठी टेकून, हॅटवर ब्रेडची पिशवी, गाडीचा आवाज ऐकून गेट उघडून उभे.

मागच्या वर्षी मी रागावलेच. म्हटलं, "एवढ्या थंडीत कशाला उभे राहता? मी उघडलं असतं की."

"जवळ मीच होतो," ते म्हणाले. मी ताट सांभाळत आत गेले आणि माझ्यामागे त्यांनी गेट लावून घेतलं.